चुंबळीवर शिकलेली कुत्री

कोयनानगरच्या वर घाटाला आठ घरांची एक वस्ती आहे. तिथे सकाळी सातच्या सुमारास गेलं की एक नवल बघायला मिळायचं. पन्नाशी उलटलेली एक बाई लुगड्याचा पदर कमरेला खोचून अंगणात एका तांबूस कुत्रीशी झोंबत असायची. दोघींच्या मधे चुंबळ. घागर डोक्यावर बसावी म्हणून खाली ठेवतात ती, जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली कडी. कुत्री तिकडून ओढायची, बाई इकडून ओढायची, आणि वर चिरक्या आवाजात ओरडायची, "आगं माझे वाघिणी! वढ! आनखी वढ!"

शेजारणी दाराआडून हसायच्या. हिला चळ लागलाय, असं एकीने पाणवठ्यावर सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. राहीबाईने ऐकून घेतलं आणि घागर उचलून चालू लागली. बोलणाऱ्यांच्या तोंडाला लागायला तिला वेळ नव्हता.

तिला चळबिळ काही लागला नव्हता. चार पावसाळ्यांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात दरड कोसळली, तीत तिची धाकटी बहीण चंद्राबाई घरासकट गाडली गेली. माणसं फावडी घेऊन दिसेल तिथे उकरत होती. माणसाचा वास काढणारी कुत्री फार लांबून यायची होती, ती आली तिसऱ्या दिवशी. आल्यावर पाऊण तासात त्यांनी जागा दाखवली. चंद्राबाई चुलीजवळच होती. निदान दीड दिवस तरी जिवंत असावी, असं डॉक्टर म्हणाले. बाकी सगळं राहीबाईने सोसलं, पण हे दीड दिवसाचं तिला काही केल्या गिळता येईना. तेराव्याचं जेवण उरकलं आणि तिने नवऱ्याला विचारलं, "आवं, तुमी बावीस वरसं फौजेत कुत्रीच शिकिवली न्हवं? मग आपल्या खोऱ्यात एक का आसू ने?"

मानसिंग हवालदार मोजकं बोलणारा माणूस. बर्फात घसरून उजवा खांदा कामातून गेलेला, तो घेऊन पेन्शनीत आला होता. वस्तीत त्याला सगळे हवालदारसाहेब म्हणत आणि तोही त्या नावाला जपून वागे. तिसऱ्या दिवशी तो धरणाच्या कॉलनीतून एक मरतुकडं पिल्लू पिशवीत घालून घेऊन आला. तिचं नाव ठिणगी ठेवलं.

शिकवणीची सुरुवात रबरी चेंडूने झाली. मानसिंगने तो खास साताऱ्याहून आणवला होता. ठिणगीने तो हुंगला, त्याच्याकडे पाठ केली आणि पाणवठ्यावरून येणाऱ्या राहीबाईची चुंबळ पळवली. मानसिंग पहिल्यांदा चिडला, मग त्याने डोळे बारीक केले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हेच तिचं खेळणं. कुत्रं माणूस हुडकत न्हाई बग, खेळ हुडकतंय. माणूस घावला की खेळ मिळतोय, यवढं तिला कळलं की झालं."

निकामी खांद्यामुळे ओढाओढी राहीबाईकडे आली आणि त्यात तिने दोन चुका केल्या. कुत्री जरा कुईं कुईं करू लागली की ही चुंबळ देऊन मोकळी व्हायची. दारातल्या मुक्या जिवाला वस्तू दाखवायची आणि द्यायची नाही, हे तिला पाप वाटे. दुसरी चूक त्याहून मोठी. कुत्रीने ओढलं की ही लगेच हात सोडायची. माहेरी भावांना सोडत आली, सासरी जावांना सोडत आली, आता कुत्रीला.

"आगं सोडतीस काय!" मानसिंग खेकसायचा. "तिला झुंज पायजे. फुकट मिळाल्यालं तिला नगं हाय."

शेवटी चुंबळ शिंक्यावर गेली आणि फक्त कामाच्या वेळी खाली येऊ लागली. आवाजाचं मात्र अवघड होतं. शाबासकी बारीक, आनंदी आवाजात द्यायची असते, जाड आवाज कुत्र्याला दटावणीसारखा लागतो. फौजेत मानसिंग तसा ओरडत असे, तिथे सगळेच ओरडत. वस्तीत कसा ओरडणार? त्याने राहीबाईला गोठ्यात नेलं, दार लावून घेतलं, आणि भल्या मोठ्या मिशांमधून पोरीसारखं किंचाळून दाखवलं. राहीबाई हसून हसून गव्हाणीत बसली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, असला आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो एकदाच. पुढे त्याने दार लावूनही काढला नाही.

मग तो दगडावर बसून शिट्टी वाजवायचा आणि बाकीचं सगळं राहीबाई करायची. कडब्याच्या गंजीत, ओढ्याच्या कपारीत, पडक्या शाळेच्या विटांखाली वस्तीतली माणसं लपायची. सुरुवातीला हसणाऱ्या शेजारणीही लपू लागल्या. ठिणगी सुटायची, वास घ्यायची, जागेवर उभी राहून भुंकायची, की राहीबाई चढण चढून पळत जायची आणि झोंबाझोंबी सुरू. पावसात, चिखलात, थंडीत, चार वर्षं. तिच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, पण तिने ती मनावर घेतली नाही.

यंदा एप्रिलात परीक्षा ठरली. सांगलीला मोठा पूर आला त्या वर्षापासून काम करणारं तिथलं एक बचाव पथक होतं, त्यांच्या यादीत कुत्रं लागलं की दरडीची वर्दी थेट त्याच्या घरी येणार. शिरवळला एका बंद कारखान्याची शेड पाडली होती, तिथल्या काँक्रीटच्या ढिगात दोन माणसं लपणार, आणि वीस मिनिटांत दोन्ही सापडली पाहिजेत. नापास झालं तर पुन्हा परीक्षा पुढच्या वर्षी, म्हणजे मधला अख्खा पावसाळा खोरं पुन्हा कुत्र्यावाचून. फॉर्म मानसिंगने भरला. कुत्र्याला चालवणाऱ्याच्या जागी त्याने आपलं नाव घातलं. फॉर्मवर घरातल्या पुरुषाचं नाव घालायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यालाही वाटलं नाही आणि खरं तर राहीबाईलाही नाही. शिरवळला जायला कोयनानगरच्या पीरमहंमदची जीप भाड्याने केली, तीत ती मागे कुत्रीपाशी बसली.

शिरवळच्या त्या ढिगाभोवती दोरी बांधली होती. दोरीच्या बाहेर पथकाची दहा-बारा पोरं, दोन अधिकारी, कारखान्याचे चौकीदार. परीक्षा घेणारी संयोगिता नावाची तिशीतली मुलगी होती, हातात घड्याळ, बोलणं नेमकं. मानसिंगने ठिणगीला सोडलं. सहाव्या मिनिटाला ती एका फुटक्या स्लॅबवर उभी राहून भुंकली. पहिला माणूस सापडला.

मानसिंग ताठ चालत गेला. चुंबळ डाव्या हाताने पुढे केली, दोनदा हलवली आणि परेडच्या आवाजात म्हणाला, "शाब्बास."

ठिणगीने कान पाडले. आपलं काहीतरी चुकलं असं तिला वाटलं असावं. चुंबळ तिने तोंडात धरली आणि सोडून दिली. पुन्हा "शोध" म्हटल्यावर ती ढिगावर गेली, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, मग सरळ दोरीपाशी येऊन राहीबाईसमोर बसली. घड्याळात बारा मिनिटं झाली होती.

"घरी हिच्याशी खेळतं कोण?" संयोगिताने विचारलं.

"मीच," मानसिंग म्हणाला.

राहीबाईचा आधी कानांवर विश्वासच बसेना. मग तिला असा राग आला की कानशिलं तापली. बारा माणसांसमोर बायको खेळते म्हणायला आणि बारीक आवाज काढायला लाज वाटते, म्हणून हा माणूस कुत्री नापास करायला निघाला होता. श्रेयाचं तिला काही नव्हतं, कधीच नव्हतं. पण उद्या आणखी कुणाची बहीण चुलीजवळ दीड दिवस पडून राहील, ती याच्या मिशांपायी? ती दोरीखालून आत गेली.

"खोटं हाय त्ये," ती संयोगिताला म्हणाली. "मी खेळते तिच्यासंगं. चार वरसं. ह्यांनी मला शिकिवलं, कुत्रीला म्या शिकिवलं."

मानसिंगची मान खाली गेली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. संयोगिताने फॉर्म पाहिला, राहीबाईचं लुगडं आणि अनवाणी पाय पाहिले.

"कुत्री चालवणारा माणूस बदलला तर पहिल्यापासून करावं लागेल," ती म्हणाली. "लपणारे जागा बदलतील. वीस मिनिटंच. आणि मावशी, ढिगात सळया आहेत."

"आसू द्या की. आमच्याकडं दगडं हाईत."

संयोगिताने स्वतःचे बूट काढून दिले. बोटभर मोठे झाले. राहीबाईने ते घट्ट बांधले, पदर खोचला, काष्टा आवळला आणि ठिणगीच्या कानात काहीतरी पुटपुटली. कुत्री सुटली. आठव्या मिनिटाला भुंकली. राहीबाई सळयांमधून चढत गेली आणि वर पोचल्यावर तिने जी किंकाळी फोडली, ती महामार्गावर ऐकू गेली असेल. "आगं माझे वाघिणी! घावला गं घावला!" पोरं फिदीफिदी हसली. तोवर चुंबळ दोघींच्या मधे ताणली गेली, दोघी ढिगावर गरगर फिरल्या, एकदा राहीबाई आपटलीही, पण चुंबळीवरचा हात तिने सुटू दिला नाही. हसणं आपोआप थांबलं. चुंबळ काढून घेऊन तिने बोट दाखवलं तेव्हा ठिणगी उडतच गेली. दुसरा माणूस पाइपाच्या तोंडाशी, पत्र्याखाली होता. सतरावं मिनिट संपायचं होतं.

संयोगिताने नवा फॉर्म काढला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला. राहीबाईच्या कोपरातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"वर्दी रात्री-अपरात्री येईल, मावशी. पावसातच येईल. याल?"

"यीन की."

"अनुभव काय लिहू?"

घरकाम आणि शेती याखेरीज राहीबाईच्या नावापुढे कधी काही लिहिलं गेलं नव्हतं. मागे उभा असलेला मानसिंग पुढे आला. पथकाची पोरं, अधिकारी, पीरमहंमद, सगळे तिथेच होते. त्याने टोपी सारखी केली.

"चार वरसं लिवा," तो म्हणाला. "आन खाली मदतनीस म्हून माजं नाव घाला. हवालदार लिवू नगा. नुस्तं मानसिंग."