तोरणाखालची झडती

आमच्या गावात लेखक एकच, वामनराव. दर्यापूरहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. जमीन काळी, विहिरीचं पाणी खारं आणि माणसं जिभेची तिखट. त्यातही वामनरावांची जीभ सगळ्यांच्या पुढं. दिवसभर कपाशीच्या पऱ्हाटीत राबायचं आणि संध्याकाळी ओसरीवर बसून लिहायचं, असं त्यांनी उभं आयुष्य काढलं. धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची भांडणं, पांदणीतला गुडघाभर चिखल, सोयाबीन आल्यापासून ज्वारीला पारखी झालेली पाखरं, असलं सगळं त्यांनी लिहिलं. दोन पुस्तकं निघाली. त्यांच्या काही प्रती माझ्या चक्कीवर अजून पडून आहेत. गिऱ्हाईक विकत घेत नाही आणि मला रद्दीत टाकवत नाहीत.

पण गावानं त्यांना मानलं ते पुस्तकांसाठी नाही, झडत्यांसाठी. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या जोड्या मारोतीसमोर तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात आणि बैलांचे धनी एकेक करून झडती म्हणतात. दोन-चार ओळींची, यमकाची, कुणाला तरी चिमटा काढणारी. शेवटी सगळं गाव महादेवाचा गजर करतं. नियम एकच: ज्याच्या हातात जोडीचा कासरा, झडती त्यानंच म्हणायची. बिनबैलाच्या माणसानं बाजूला उभं राहून ऐकायचं. वामनरावांची झडती दरवर्षी नवी असायची, आणि ती कुणावर पडणार या धास्तीनं आठ दिवस आधीपासून लोक त्यांना चहा पाजायचे.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी ती नत्थुजीवर पडली. नत्थुजी म्हणजे वामनरावांचा शेतशेजारी, लहानपणापासूनचा जोडीदार. त्या वर्षी त्यानं ऐन पावसाळ्यात आपली देखणी जोडी विकली. का विकली ते कुणाला सांगितलं नाही. माणूस आधीच घुमा. बैल गेले तरी पोळ्याला मात्र सवयीनं आला आणि रांगेतल्या आपल्या जागेवर उभा राहिला. हातात रिकामा कासरा. तो त्यानं घरून का आणला होता, त्याचं त्यालाच ठाऊक. वामनरावांनी त्याला पाहिलं, ठरवलेली झडती बाजूला ठेवली आणि जागच्या जागी नवी रचली:

“बैल गेले बजारात, कासरा रायला हाती,
नत्थू उभा तोरनाखाली, शिंगं लावून माथी!”

गाव लोटपोट हसलं. झडती जमलीच होती तशी, हे मला आजही कबूल करावं लागतं. नत्थुजी कासरा गुंडाळत निघून गेला तो पुन्हा पोळ्याला दिसला नाही. त्या दिवशी सकाळीच शेतात जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. झडती मात्र गावात राहिली. त्याचं नावच शिंग्या नत्थू पडलं. पोराला बघायला मूर्तिजापूरकडचे पाहुणे आले आणि स्टँडवर त्यांनी घर विचारलं, तर आमच्या लोकांनी विचारलं, कोणता, शिंग्या का? ते स्थळ पुढं जमलं नाही. याच कारणानं असं म्हणणार नाही मी, पण जमलं नाही.

वामनरावांनी झडत्यांचं पुस्तक काढलं तेव्हा ही तेवढी वगळली. छापलेल्या साऱ्या झडत्या गाव विसरलं. न छापलेली ही एक लहान लेकरांनाही पाठ होती.

गेल्या हिवाळ्यात नत्थुजीची बायको मनकर्णाबाई वारली. तिला पोहोचवून आम्ही परत येत होतो. तिचा भाऊ वामनरावांशी बोलत चालला होता. बोलता बोलता तो म्हणाला, बहीण तवाच जायची होती, पण भाऊजींनी बैल विकून अकोल्याला तिचं ऑपरेशन केलं, म्हणून इतकी वर्षं काढली. त्याला बिचाऱ्याला झडतीबिडती काही माहीत नव्हतं. वामनराव रस्त्यातच थांबले.  त्या दिवसापासून त्यांना स्वतःची शरम वाटू लागली आणि ती त्यांनी माझ्यापासून लपवली नाही. चक्कीवर येऊन बसायचे आणि म्हणायचे, एक झडती रचून राहिलो, येत्या पोळ्याला तोरणाखाली म्हणायची आहे. ज्या जागी त्याला खाली पाहायला लावलं, त्याच जागी साऱ्या गावासमोर ते शब्द परत घ्यायचे आहेत. एवढं झालं की बैल विकले तरी चालतील.

बैल विकण्याचा विषय त्यांच्या मुलानं काढला होता. नितेश अमरावतीला असतो. ट्रॅक्टरनं सगळं होतं तर बाबांनी शेण कशाला काढायचं, हे त्याचं म्हणणं काही वावगं नव्हतं. हा शेवटचा पोळा, असं बापलेकांत ठरलं. आणि पोळा तोंडावर आला असताना लंपीच्या साथीनं वामनरावांचा एक बैल गेला. जोडी फुटली. एका बैलावर तोरणाखाली उभं राहता येत नाही. गावात जोड्याच बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. सुटा बैल एकाकडेच होता, घरच्या गाईचा गोऱ्हा पोसून मोठा केलेला. तो नत्थुजीचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात. वामनराव त्या संध्याकाळी नत्थुजीच्या गोठ्यात गेले. नत्थुजी बैलाचा एक खांदा चोळत होता, हे दुसऱ्या बाजूला उभे राहून दुसरा चोळू लागले. दोन्ही खांदे चोळून झाले. मग वामनरावांनी बैल मागितला आणि कशासाठी तेही सांगितलं.

नत्थुजीनं हात पुसले. म्हणाला, “बैल देतो. पन त्याचा कासरा मीच धरीन.”

म्हणजे तोही येणार होता. वामनराव मला हे सांगायला आले तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

पोळ्याला नत्थुजीनं बैल धुऊन, रंगवून आणला. वामनरावांच्या बैलाशेजारी उभा केला आणि मान खाली घालून कासरा धरून राहिला. पलीकडं फुगे लावलेले ट्रॅक्टर उभे होते, पोरं मोबाईलवर शूटिंग घेत होती. माईक सरपंचाच्या भावाकडं, बंडूकडं. वामनरावांची पाळी आली. बंडूनं मोठ्या प्रेमानं, मानानंच सांगितलं, की काकांचा हा शेवटचा पोळा आहे, तेव्हा आज त्यांची सगळ्यात गाजलेली झडती सारं गाव त्यांना म्हणून दाखवणार. आणि पहिली ओळ त्यानंच उचलली, “बैल गेले बजारात...”

पुढचं गावानं पुरं केलं. पोराटोरांनी, बायांनी, ट्रॅक्टरवर बसलेल्यांनी. वामनराव हात वर करून नाही नाही म्हणत होते. लोकांना वाटलं, लाजतात. झडतीतला नत्थू म्हणजे समोर कासरा धरून उभा असलेला म्हातारा, हे निम्म्या पोरांच्या ध्यानातही आलं नाही. म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण ते हसत होते. मला त्या वेळी माझ्या गावाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही.

महादेवाचा गजर होईपर्यंत नत्थुजी थांबला. मग त्यानं आपला बैल वळवला आणि गर्दीतून वाट काढत घराकडं नेला. वामनराव माईकसाठी हात पुढं करून उभे. पण जोडी राहिली नव्हती. बंडूनं माईक पुढच्या जोडीकडं दिला.

दुसऱ्या दिवशी वामनराव मला बळंच सोबत घेऊन नत्थुजीच्या गोठ्यात गेले. एकट्यानं जायची हिंमत नव्हती म्हणाले. नत्थुजी बैलाच्या शिंगांचा रंग ओल्या फडक्यानं पुसत होता. वामनराव दारातच उभे राहिले आणि मोठ्यानं, तोरणाखाली म्हणतात तशी, त्यांनी झडती म्हटली:

“बैल गेले बजारात, लक्ष्मी रायली घरी,
नत्थूच्या माथी नाई, शिंगं वामनच्या शिरी!”

गजर करायला मी एकटाच होतो. 

नत्थुजीनं फडकं पिळलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

“चांगली हाय,” तो म्हणाला. “पन वामन, हे तू मले एकट्याले आयकवून राहिला. ते तं साऱ्या गावाले आयकवली होती.”

मग त्यानं बादली उचलली आणि बैलासाठी पाणी आणायला तो आमच्यामधून बाहेर गेला.