खिळ्याची काठी

शीळफाट्याच्या रस्त्यावर रोज सकाळी तो माझ्या गाडीपुढे असायचा. पन्नाशीचा, वॉचमनच्या खाकी शर्टातला, गंजक्या सायकलवर ताठ बसलेला. डोक्यावर हेल्मेट नाही, मागे दिवा नाही. कॅरिअरला मात्र एक काठी आडवी बांधलेली, उजवीकडे हातभर बाहेर आलेली आणि टोकाला लांब खिळा.

माझी गाडी नवी कोरी. त्या खिळ्यापायी मी रोज त्याच्यामागे रांगायचो आणि हॉर्न बडवायचो. तो मानही वळवत नसे.

एकदा सिग्नलला मी काच खाली केली. "काका, हे काय लावलंय? कुणाला लागेल ना!"

"गाडीला लागेल म्हणून लावलाय," तो शांतपणे म्हणाला. "आधी लाल दिवा लावलेला. दोनदा उडवला मला. दोघांनीपण काचेतून हात वर केला, सॉरी, नि गेले. खिळा लावल्यापासून कोण जवळ येत नाय. माणूस दिसत नाय साहेब, ओरखडा दिसतो."

मला भयंकर राग आला. ऑफिसात मी त्याच्या अडाणीपणाचा किस्सा रंगवून सांगितला, वर रस्त्यावरच्या सुरक्षिततेवर भाषणही ठोकलं.

संध्याकाळी परतताना पुढे एक सायकलवाली मुलगी होती. हेल्मेट, दिवा, चमकणारा पट्टा, सगळं नियमाप्रमाणे. काठी तेवढी नव्हती. मी तिच्या कोपराला घासूनच पुढे गेलो. आरशात ती डगमगताना दिसली, तेव्हा काचेतून हात वर केला.

घरी पोचल्यावर आधी गाडीचा डावा दरवाजा निरखून पाहिला. ओरखडा नव्हता.