अर्धी सोडलेली प्रार्थना

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा तरुणांचा रविवार असतो. त्या दिवशी पाळकसाहेब खाली आमच्यात बसतात आणि संदेश, गायन, प्रार्थना सगळं पोरंच बघतात. यंदा प्रार्थना माझ्या लेकीकडं आली. ती कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तिचा बाप गेला त्याला वर्ष झालं, तेव्हापासून ती चर्चची पायरी चढली नव्हती. बाप आजारी होता तेव्हा मात्र हॉस्पिटलच्या जिन्यात गुडघे टेकून बसायची.

लोक विचारायचे, पोरगी दिसत नाही? रविवारी ड्यूटी असते म्हणून मी दडपून सांगायची आणि घरी येऊन तिच्यावर डाफरायची. उद्या लग्न ठरलं तर चर्चला न येणाऱ्या पोरीला पाळक लग्नाची चिठ्ठी देतील का, कपाळ! शेवटी प्रार्थनेला ती हो म्हणाली, पण मी लिहून दिलेला कागद फ्रिजवरच राहिला.

ती माइकपुढं उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना म्हटली की आमच्यात ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या’ अशी शुद्ध भाषा येते. ही घरात बोलते तशीच बोलली.

“देवा, पप्पांसाठी मी तुझ्याकडं लई मागितलं. तू ऐकलं न्हाईस. मला तुझा राग हाय. वरवर गोड प्रार्थना मला जमत न्हाय.”

आणि थांबली. ‘येशूच्या नावाने मागतो’ असं आल्याशिवाय मंडळी आमेन म्हणत नाही, आणि ते काही येईना. डोळे उघडावेत का मिटूनच बसावं, कुणाला कळेना. पंखे तेवढे फिरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून तिला दंडाला धरून खाली आणावं असं वाटलं.

पण वर्षभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ‘प्रभूची इच्छा’ म्हणत चहा दिला होता तो मीच. ती इच्छा मला एक दिवससुद्धा पटली नव्हती.

“आमेन,” मी म्हटलं. एकटीनंच, मोठ्यानं. मग मागून एकदोघांचं आलं, मग पाळकांचं, मग सगळ्यांचं.

घरी येताना गाडी तीच चालवत होती, मी मागं बसले होते. सिग्नलला थांबल्यावर तिनं मान मागं वळवली.

“मम्मी, तुला पण राग हाय व्हय?”

“हाय की,” मी म्हटलं. “तरीबी जाते.”