परशरामची नव्हती ती चूक

मंडळी, आज सकाळी येळ्ळूरला परशरामच्या मातीला जाऊन आलो. मन थाऱ्यावर नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं बेळगावात एका कॉम्प्युटर सेंटरात सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. पाथमधून, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्यातून, फाइलचं नाव काढणारं 'बेसनेम' फंक्शन आमच्या कंपायलरमध्ये नव्हतं, म्हणून ते मी लिहिलं. बाकीचा प्रोग्रॅम परशरामचा.

गिऱ्हाइकाला दाखवताना कुणीतरी फाइलचं नाव न देताच एंटर दाबलं. पाथच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही, असं माझ्या फंक्शनकडं गेलं आणि मशीन जागीच अडकलं. मूळचं बेसनेम अशा वेळी नुसतं एक टिंब परत देतं. मी मात्र नल तपासलाच नव्हता.

"कुणाची चूक ही?" सेंटर चालवणाऱ्या सरांनी विचारलं.

परशरामनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"माझी, सर," तो म्हणाला.

त्याची नोकरी गेली. पुन्हा तो कधी कॉम्प्युटरपुढं बसला नाही.

आज त्याची आक्का म्हणाली, "तुझं लई कौतुक करायचा रं. माझा दोस्त लई हुशार हाय म्हणायचा."

तिचे हात धरून मी नुसता रडलो. आता तिला खरं सांगू का? की सांगून फक्त माझंच ओझं हलकं होईल?