शारजातला दोन रात्रींचा हिवाळा

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगितलंत, की तुमच्याकडे थंडीत इंजिन गरम राहावं म्हणून बाबा रात्री गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला लावतो, नाहीतर सकाळी ती चालूच होत नाही. लगेच आजोबांनी बॅटरी कोणती, ऑइल कोणतं, असं विचारायला सुरुवात केली. तेव्हा धाकटी म्हणाली, "आजोबा, यू डोन्ट इव्हन हॅव विंटर!" आजोबा नुसते हसले. पण मुलांनो, हिवाळा त्यांना चांगला ठाऊक आहे. एकदा तर त्यांनी तो भाड्याने घेतला होता, आणि तोही जुलै महिन्यात.

आजोबा इथे शारजात हमरिया फ्री झोनमधल्या एका वर्कशॉपमध्ये काम करतात, हे तुम्हाला माहीत आहे. जुन्या डीझेल गाड्या तिथे दुरुस्त होऊन परदेशी जातात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या विभागाला कामच येईना. मालकांनी स्पष्ट सांगितलं, की उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली नाही तर हा विभाग बंद. म्हणजे आजोबांची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला, आणि अल नहदाचं हे घर आवरून आम्ही पुण्याला. पुण्यात आमचं घर आहे, उपाशी राहण्याची वेळ नव्हती. पण आजोबांना इथून स्वतःच्या मर्जीने निघायचं होतं, कुणी काढलं म्हणून नव्हे.

अशा वेळी मध्य आशियातल्या एका डोंगराळ भागातले गृहस्थ आले. त्यांना सहा रुग्णवाहिका हव्या होत्या. बोलणं मोजकं, इंग्रजी पुस्तकी, पण अर्थ नेमका. ते म्हणाले, "आमच्याकडे गाडी रात्रभर बर्फात उभी असते. पहाटे कुणाच्या बायकोला कळा सुरू होतात. तेव्हा गाडी चालू झाली पाहिजे. मला ते इथेच बघायचं आहे."

बाहेर पंचेचाळीस डिग्री! आजोबांनी दोन दिवस विचार केला आणि माशांसाठी बांधलेली एक रिकामी शीतखोली भाड्याने घेतली. खोलीचे मालक म्हणाले, "हबीबी, तुम्ही गाडी फ्रीजमध्ये ठेवणार?" आजोबा म्हणाले, "फ्रीजरमध्ये."

त्यांनी एका रुग्णवाहिकेची तयारी अगदी मन लावून केली. नवी बॅटरी, पातळ इंजिन ऑइल, रेडिएटरमध्ये न गोठणारं कूलंट, आणि चालू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लगसुद्धा नवे. निघताना नेहमीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. मी पुण्यासाठी डांबरगोळ्यांत ठेवलेले स्वेटर, शाली आणि माकडटोप्या बाहेर काढल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून थालीपिठांचा डबा घेऊन मीही गेले. फाटकावरचा वॉचमन माझ्या हातातल्या शालींकडे बघत राहिला.

रात्रभर गाडी उणे वीसमध्ये उभी होती. सकाळी खोलीचं मोठं दार उघडलं तसं पांढरं धुकं बाहेर लोटलं. आत माशांचा जुना वास होता, आणि काचांवर बर्फाची साय धरली होती. माकडटोपी घालून आजोबा गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरवून ग्लो प्लग तापेपर्यंत थांबले, मग पूर्ण फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि धडधडत चालू झालं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुग्णवाहिका घ्यायला आलेल्या पाहुण्यांनी मात्र हात खिशातून काढले नाहीत. टाळ्या थांबल्या, आणि पाठोपाठ इंजिनही घुसमटून थांबलं. मग काही केल्या ते चालू होईना.

वर्कशॉपमधले पेशावरचे उस्ताद मेकॅनिक म्हणाले, "साब, इसको ज़ुकाम हो गया."

आजोबांना हसू आलं नाही. बॉनेट उघडून त्यांनी डीझेलचा फिल्टर काढला आणि हातात धरून उभे राहिले. मी जवळ जाऊन पाहिलं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली जशी पांढरी होऊन बसते, तसंच डीझेल आत थिजलं होतं.

"अहो, हे काय?"

"मेण," ते म्हणाले. "डीझेलमधलं मेण. इंजिनात सगळं थंडीचं घातलं गं, आणि टाकीत मात्र इथलं, वाळवंटातलं डीझेल!"

इतकी वर्षं आखातात काढल्यावर डीझेल गोठू शकतं हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. इथे गाडीचा एकच शत्रू, तो म्हणजे ऊन.

पाहुणे फिल्टर बघून पहिल्यांदाच हसले. "माझ्या गावात नवा ड्रायव्हर दक्षिणेतून आला की पहिल्या हिवाळ्यात हेच करतो."

आजोबा सरळ म्हणाले, "चूक माझी. मला अजून एक रात्र द्या."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्या डब्याकडे पाहिलं. "ह्यातलं मिळणार असेल तर देतो," ते म्हणाले.

पुढचं काम उन्हाने केलं. गाडी ढकलून बाहेर आणली आणि अंगणात उभी केली. हीटर नको, काही नको. तासाभरात मेण वितळून गेलं. टाकी पूर्ण रिकामी केली, फिल्टर बदलला. थंडीत चालणारं डीझेल नव्याने तयार केलं, त्यात केरोसीन आणि मेण जमू न देणारं औषध मिसळलं. मग गाडी पुन्हा आत गेली. संध्याकाळी पाहुणे आमच्याकडे जेवायला आले. वरणभातावर तूप वाढलं तेव्हा वाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आमच्याकडे वर्षभर घट्टच असतं."

दुसऱ्या सकाळी कुणी टाळ्या वाजवायला तयार नव्हतं. उस्ताद पुटपुटले, "इन्शाल्ला." आजोबांनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, खोकलं, आणि चालू झालं. ते चालतच राहिलं. पाहुण्यांनी आजोबांना उतरायला लावलं, स्वतः बसले, गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बराच वेळ नुसते ऐकत बसले. मग काच खाली करून म्हणाले, "खलास, ठरलं. सहाही द्या. आणि त्या औषधाचं नाव लिहून द्या."

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला नर्सरी लागली तशी आजोबांनी गाडी थांबवली. कढीपत्त्याचं रोप घ्यायचं मी कित्येक महिने टाळत होते. निघून जायचं असेल तर कुंडी कुणाच्या गळ्यात मारायची?

"मोठं घे," ते म्हणाले.

मी त्यातल्या त्यात मोठं निवडलं आणि घरापर्यंत मांडीवर धरून आणलं.