भरलेली घागर
बाळाच्या पावडरचा वास आला की मला कोपरगावची डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायची, स्पर्धा आठवते. वजनाचा बार मांड्यांवरून सरकावा म्हणून हीच पावडर आम्ही फासायचो. जिल्ह्याचा विक्रम मोडेल एवढं वजन मी दोनदा उचललं, पण पंचांची खाली ठेवायची खूण व्हायच्या आधीच धाडकन टाकलं, म्हणून दोन्ही वेळा बाद. आईबरोबर उसाच्या मोळ्या ट्रॉलीत फेकणारे हे हात, त्यांना हळू ठेवणं कुठलं माहीत! शेवटच्या खेपेला प्रेक्षकांत बसलेली आई खुर्चीवरून उठून ओरडली, “टाकू नको गं, भरल्याली घागर हाय ती!” मी थांबले. खूण झाली, बार अलगद टेकला, तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य, आणि विक्रम झाला. आता झोपलेल्या लेकीला पाळण्यात ठेवते, ती जागी होत नाही, तेव्हा मागून आई कुजबुजते, “तिन्ही पांढरे.”