गौरीचे हात

चंदन, तुळस आणि त्यांच्याखाली दडलेला कुजक्या कंदाचा ओला, आंबूस वास. देवासच्या घराच्या मागल्या दारी कुंडी उपसली तेव्हा तो हाताला चिकटला. कंद विषारी, म्हणून मी हात पुन्हा पुन्हा धुतले. वास गेला नाही. पुढच्या वर्षी नवा कंद लावला, त्याचीही तीच गत झाली.

कंद कळलावीचा होता. धारला माहेरी गेले की बाग नावाच्या गावाच्या वाटेवर कुंपणांवर ही रानवेल दिसे: ज्वाळांसारख्या वर उसळलेल्या पाकळ्या, खाली बोटांसारखे पसरलेले केसर. सासूबाईंच्या कोकणातल्या माहेरी या फुलांना गौरीचे हात म्हणत आणि तेरड्याच्या गौरीला तेच लावत. लग्न होऊन त्या माळव्यात आल्या आणि त्यांची गौर बिनहातांची राहिली. दर भाद्रपदात मांडणी पुरी झाली की त्या "बसवली" एवढेच म्हणत. ते हात मला त्यांच्यासाठी माझ्या अंगणात फुलवायचे होते.

कंद कुजत होता तो मामंजींच्या भक्तीने. देवांच्या स्नानाचे पाणी मोरीत जाऊ द्यायचे नाही, म्हणून ते रोज कुंड्यांत ओतीत. पण दिवाळीनंतर कळलावी वाळते, कंद जमिनीत निजतो आणि त्याला कोरडी झोप हवी असते. त्या झोपेत रोज सकाळी तीर्थ पोहोचत होते.

पुन्हा कंद आणला. त्या पावसाळ्यात तो नुसताच पानांवर आला. वेल वाळताच मी कुंडी माळ्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी मामंजी तांब्या घेऊन रिकाम्या जागेपाशी थबकले.

"सूनबाई, देवांनी तुझ्या वेलीचं काय घोडं मारलंय?"

देवांनी नव्हे, तुम्ही मारलंय, असे सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच कळवले. तांब्या जास्वंदीकडे वळला.

उन्हाळा सरताना कोरडी माती तडकली आणि हिरवे टोक वर आले. मी कुंडी खाली आणून जागेवर ठेवली आणि स्वतः मामंजींना बोलावून आणले. आता हवे तेवढे ओता म्हटले. पानांच्या टोकांचे तणावे खिडकीचे गज धरत धरत वर गेले, आणि गौरी यायच्या दिवशी सकाळी दोन फुले पेटली. मी नाक जवळ नेले. वास मुळीच नव्हता. होता तो फक्त रंग, तांबडा आणि पिवळा, डोळ्यांना ऊब देणारा.

सासूबाईंनी ती फुले गौरीच्या दोन्ही बाजूंना खोवली, तिचा पदर सारखा केला, जराशा मागे सरल्या. बराच वेळ पाहून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"आली."